बिल वुकोविच (१९१८–१९५५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल वुकोविच कोण होता?

अमेरिकेचा मोटार शर्यतींचा चालक. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याने १९५३ आणि १९५४ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. १९५२ मध्येही विजय हातात होता, पण शेवटच्या नऊ फेऱ्या उरलेल्या असताना स्टिअरिंग तुटलं. १९५५ मध्ये सलग तिसऱ्या विजयाच्या वाटेवर, पहिल्या क्रमांकावर असतानाच तो अपघातात गेला.

त्याची कारकीर्द एका बेरजेत मावते. इंडियानापोलिसला तो पाच वेळा शर्यतीत उतरला आणि एकूण ६७६ फेऱ्या मारल्या. त्यातल्या ४८५ फेऱ्यांत तो सर्वांच्या पुढे होता. म्हणजे तिथे जितकं अंतर त्याने कापलं, त्यातलं सत्तर टक्क्यांहून जास्त त्याच्यापुढे एकही गाडी नसताना कापलं. सुटी फोड अशी:

१९५१ – २९ फेऱ्या, आघाडीवर एकही नाही
१९५२ – १९१ फेऱ्या, आघाडीवर १५०
१९५३ – २०० फेऱ्या, आघाडीवर १९५
१९५४ – २०० फेऱ्या, आघाडीवर ९०
१९५५ – ५६ फेऱ्या, आघाडीवर ५०

त्याला 'वेडा रशियन' का म्हणत?

मिजेट, म्हणजे छोट्या शर्यतगाड्यांच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी आणि शर्यतींच्या आयोजकांनी चिकटवलेलं नाव आहे ते. तो रशियन नव्हता. आईवडील सर्बियन वंशाचे होते. त्याच्या अबोलपणामुळे पुढे 'मुका सर्ब' असंही नाव पडलं, आणि ते तरी वस्तुस्थितीला धरून आहे. मुलाखती देणं, मेजवान्यांना जाणं, फोटोसाठी उभं राहणं त्याला नकोसं वाटे.

'वेडा' हा शब्द मात्र आम्हाला पटत नाही. बेदरकार चालक एखादी शर्यत जिंकून जातो, पण ५०० मैलांच्या शर्यतीत १९५ फेऱ्या पुढे राहत नाही. टायर, इंधन आणि स्वतःचे खांदे चार तास पुरवायचे तर हिशेब लागतो.

सुरुवात कशी झाली?

जन्म १३ डिसेंबर १९१८ चा. बालपण कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या आसपास, शेतकरी घरात गेलं. १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, वडिलांनी आत्महत्या केली. बिल तेव्हा चौदाचाही पूर्ण नव्हता. शेत गेलं, शाळा सुटली आणि भावांबरोबर मिळेल ते काम करून घर चालवायची वेळ आली. १९३८ मध्ये फ्रेड गेरहार्ट यांच्या जुन्या, फेरफार केलेल्या गाडीतून त्याने शर्यतींना सुरुवात केली. इलाय आणि माइक हे भाऊही शर्यतीत उतरत.

१९४२ च्या मध्यापासून युद्धामुळे अमेरिकेत मोटार शर्यतींवर बंदी आली. त्या काळात तो लष्कराच्या जीप आणि ट्रक दुरुस्त करत होता. बंदी उठली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. १९४५ आणि १९४६ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या मिजेट संघटनेचं, यूआरएचं, विजेतेपद त्याने मिळवलं, आणि १९५० मध्ये एएएचं, म्हणजे तेव्हा शर्यतींचं नियमन करणाऱ्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचं, राष्ट्रीय मिजेट विजेतेपद.

मिजेट गाडी म्हणजे काय? पुढे तिचा काय उपयोग झाला?

मिजेट म्हणजे एका माणसापुरती, उघड्या चाकांची, बुटकी शर्यतगाडी. ट्रॅक लहान असतो, बहुधा पाव ते अर्ध्या मैलाचा, आणि पुष्कळदा मातीचा. गिअर बदलायची सोय नसते; गाडी गिअरमध्ये असते किंवा नसते, एवढंच. सुरू करायची तर मागून ढकलावी लागते.

अशा ट्रॅकवर सरळ धाव जवळजवळ नसतेच. गाडी कायम वळणात असते, मागची चाकं बाहेर सरकत असतात आणि चालक पुढची चाकं उलट दिशेला वळवून, एक्सलरेटरच्या जोरावर तिचा तोल सांभाळत असतो. हंगामात आठवड्याला अनेक रात्री हे केलं की गाडी घसरू लागल्याची जाणीव स्टिअरिंगआधी पाठीला होते. वुकोविच इंडियानापोलिसच्या वळणांत इतरांपेक्षा आधी एक्सलरेटर दाबू शके, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच्या लाल मिजेटचं नाव 'ओल्ड आयर्नसाइड्स'. तिच्यात ड्रेक इंजिन होतं, म्हणजे हार्ले डेव्हिडसनच्या दोन सिलिंडरच्या रचनेवर बेतलेलं, पण पाण्याने थंड होणारं. समोर चार सिलिंडरच्या ऑफेनहाउझर मिजेट असत, आणि त्या जास्त ताकदीच्या मानल्या जात. हे ड्रेक इंजिन बनवणाऱ्यांपैकी डेल ड्रेक १९४६ मध्ये लुई मेयर यांच्यासह ऑफेनहाउझर इंजिनाच्या कारखान्याचे मालक झाले, आणि त्याच कारखान्याच्या मोठ्या इंजिनावर वुकोविचने इंडियानापोलिस जिंकलं.

इंडियानापोलिसला तो पहिल्यांदा कधी गेला?

१९५० मध्ये. नवख्याला तिथे आधी चालक-परीक्षा द्यावी लागते. ठरवून दिलेल्या वेगाने, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत फेऱ्या मारायच्या, आणि तेव्हा जुने चालक बाजूला उभे राहून रेषा आणि सातत्य पाहत. ही परीक्षा तो उत्तीर्ण झाला. गाडी होती विल्बर शॉने १९३९ आणि १९४० ची शर्यत जिंकलेली मॅसेराटी ८सीटीएफ. तीन लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) लावलेलं, आठ सिलिंडरचं ते इंजिन एके काळी अजोड होतं, पण १९५० पर्यंत थकलं होतं. शर्यतीतल्या ३३ जागांत तिला जागा मिळाली नाही.

१९५१ मध्ये सेंट्रल एक्स्कव्हेटिंग स्पेशल या गाडीतून तो २० व्या जागेवरून सुटला आणि भराभर पुढे आला, पण २९ फेऱ्यांनंतर तेलाची टाकी फुटली. नोंदीत २९ वा क्रमांक लागला. त्याच शर्यतीत हॉवर्ड केक या मालकाच्या गाडीचं चाक मोडून ती उलटली. तिचा चालक मौरी रोज, जुना नावाजलेला विजेता, त्यानंतर निवृत्त झाला. केक यांच्या गाडीतली ती रिकामी जागा वुकोविचला मिळाली.

तो ट्रॅक कसा आहे? नुसतं डावीकडेच तर वळायचं असतं!

एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटरची. आकार अंडाकृती म्हणतात तसा नसून कोपरे गोल केलेल्या आयतासारखा. दोन लांब सरळ भाग, प्रत्येकी पाच-अष्टमांश मैल. दोन आखूड सरळ भाग, प्रत्येकी एक-अष्टमांश मैल. आणि चार वळणं, प्रत्येकी पाव मैल. वळणांचा उतार ९ अंश १२ मिनिटं. २०० फेऱ्या झाल्या की ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर.

उतार इतका कमी असल्यामुळे त्या काळच्या गाडीला वळण पूर्ण वेगात घेता येत नसे. सरळ भागाच्या शेवटी पाय उचलायचा, गाडी आतल्या कडेला टेकवायची आणि बाहेर पडताना भिंतीपर्यंत सरकू द्यायची. चार वळणं नकाशावर सारखी दिसतात, पण वारा, उरलेलं इंधन आणि सांडलेलं तेल यांमुळे प्रत्यक्षात दर फेरीत वेगळी वागतात. १९५० च्या दशकात पुढच्या सरळ भागाचा मोठा पट्टा अजून विटांचाच होता. त्यावरून जाताना स्टिअरिंग हातात थडथडत राही, आणि पॉवर स्टिअरिंग नव्हतं. एका शर्यतीत ८०० वळणं होतात. यशाचं रहस्य विचारलं की एक्सलरेटर दाबून ठेवा आणि डावीकडे वळा, अशा अर्थाचं उत्तर वुकोविच देई. ते उत्तर प्रश्न टाळण्यासाठी असायचं. त्यावरून काम सोपं होतं असं समजू नये.

त्याच्या गाडीत एवढं वेगळं काय होतं?

१९५२ साठी फ्रँक कर्टिस यांनी केक यांच्याकरता कर्टिस-क्राफ्ट ५००ए बांधली. तिच्या बाजूवर 'फ्युएल इंजेक्शन स्पेशल' असं लिहिलेलं असे. इंडियानापोलिसच्या 'रोडस्टर' घराण्याची सुरुवात साधारण या गाडीपासून मोजतात.

तोपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत इंजिन मधोमध, त्यातून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधोमध, आणि चालक त्या दांड्याच्या वर बसलेला. त्यामुळे बैठक उंच. कर्टिस यांनी इंजिन आणि दांडा मध्यरेषेच्या डावीकडे सरकवला आणि चालकाला दांड्याच्या वर न बसवता उजव्या बाजूला, खाली बसवलं. याचे दोन फायदे झाले.

पहिला, गुरुत्वमध्य खाली आला. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा. डाव्या वळणात गाडीचं वजन उजव्या चाकांवर फेकलं जातं. उजवे टायर भाजून निघतात आणि डावे जवळपास मोकळे राहतात. सर्वांत जड भाग आधीच डावीकडे ठेवला तर वळणात चारही टायरांवर भार जास्त सारखा पडतो. पकड वाढते आणि उजवे टायर जास्त फेऱ्या टिकतात. चाकांच्या आधाराला टॉर्शन बार होते, म्हणजे पानांच्या स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या. अ‍ॅक्सल मात्र पुढे-मागे एकसंध, जुन्या पद्धतीचेच.

ही मांडणी फक्त डावीकडे वळणाऱ्या ट्रॅकसाठी आहे. साध्या रस्त्यावरच्या शर्यतीत, जिथे दोन्हीकडे वळावं लागतं, तिचा तोटाच झाला असता.

इंजिन ऑफेनहाउझर: चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, क्षमता २७० घनइंच, म्हणजे सुमारे ४.४ लिटर. त्या वेळच्या नियमाने सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला साडेचार लिटरची आणि असलेल्याला तीन लिटरची मर्यादा होती. ऑफेनहाउझरचं डोकं आणि ब्लॉक एकाच ओतकामात असल्याने मध्ये गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारा पातळ पत्रा, नव्हतंच. जे नाही ते फुटणार कसं? शर्यतीच्या इंजिनात गॅस्केट फुटणं हे नेहमीचं दुखणं, आणि इथे ते मुळातच काढून टाकलेलं होतं. दुरुस्ती मात्र किचकट. व्हॉल्व्ह घासायचे म्हटले तरी क्रँककेसवरून सगळा ब्लॉक उचलावा लागे.

'फ्युएल इंजेक्शन' त्या काळी कसं चालायचं?

स्ट्युअर्ट हिलबॉर्न यांची ही पद्धत पूर्ण यांत्रिक होती. इंजिनावर फिरणारा पंप टाकीतलं इंधन दाबाने पाठवतो. प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या नळीत एक नोझल असतं आणि त्यातून इंधनाची धार अखंड सुरू राहते. आजच्यासारखी थांबून-थांबून मारलेली फवारणी नसते. पंप इंजिनाच्या गतीने फिरत असल्यामुळे गती वाढली की इंधनही आपोआप वाढतं. जादा इंधन एका छोट्या छिद्रातून टाकीकडे परत जातं. मेकॅनिक बदलतात ते हे छिद्र: मोठं केलं तर परत जास्त जातं आणि मिश्रण पातळ होतं, लहान केलं तर मिश्रण दाट.

इंधन मिथेनॉल. पेट्रोलला एक किलो जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला फक्त ६.४ च्या आसपास. म्हणून तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त मिथेनॉल ओतावं लागतं आणि टाक्या मोठ्या ठेवाव्या लागतात. बदल्यात मिळतो तो थंडावा. मिथेनॉल वाफ होताना इतकी उष्णता शोषतं की इंजिन जास्त दाबावर चालवूनही ठोके पडत नाहीत. मिश्रण पातळ झालं तर मात्र पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही, म्हणून मेकॅनिक थोडं दाटच ठेवतात. आणखी एक धोका: मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही.

जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून हे वुकोविचचे मेकॅनिक या कामात तरबेज होते. केक तेल-व्यवसायातल्या श्रीमंत घराण्यातले, त्यामुळे पैशाची चणचण नव्हती, आणि या चमूला 'रिच किड्स' म्हणत. ट्रॅव्हर्स आणि कून यांनी पुढे ट्राको इंजिनिअरिंग ही इंजिन बांधणारी नामांकित कंपनी काढली. आमच्या मते वुकोविचच्या विजयांत या दोघांचा वाटा नेहमी सांगितला जातो त्यापेक्षा मोठा आहे.

१९५२ मध्ये नेमकं काय तुटलं?

स्टिअरिंगच्या जोडणीतली एक छोटी पिन. आठव्या जागेवरून सुटून वुकोविच लवकरच पुढे गेला आणि १५० फेऱ्या आघाडीवर राहिला. १९१ फेऱ्या झाल्या, ९ उरल्या, म्हणजे अजून सुमारे ३६ किलोमीटर. तेवढ्यात पिन तुटली. चाकं वळेनात तेव्हा त्याने गाडी बाहेरच्या भिंतीला घासत नेली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या भागात थांबवली. ती आडवी होऊन मागून येणाऱ्यांच्या वाटेत गेली नाही. पुढची चाकं ताब्यात नसताना हे साधणं सोपं नसतं.

असे भाग का तुटतात, हे या गाड्यांच्या बाबतीत समजून घेण्यासारखं आहे. पिनेवरचा ताण एका झटक्यात तिला तोडण्याइतका कधीच नसतो. पण १९१ फेऱ्यांत ७६४ वळणं, दर वळणात एकाच दिशेचा जोर, आणि भरीला विटांची थरथर. पोलादात केसाएवढी चीर पडते, दर हिसक्याने कणभर वाढते, आणि उरलेला भाग पुरेसा बारीक झाला की एकदम तुटतो. डोळ्यांनी पाहून ही चीर सापडत नाही. म्हणूनच शर्यतीआधी स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सलचे भाग उतरवून चुंबकीय पद्धतीने तपासतात: भागाला चुंबकत्व द्यायचं, वर लोखंडाची बारीक भुकटी टाकायची, चीर असेल तिथे भुकटी रेघेत गोळा होते.

शर्यत ट्रॉय रटमनने जिंकली, ताशी सरासरी १२८.९२२ मैलांनी. तो तेव्हा २२ वर्षांचा होता आणि आजही या शर्यतीचा सर्वांत तरुण विजेता आहे. त्याची गाडी जुन्या, उंच बांध्याची, मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्यांच्या धाटणीची होती. वुकोविचच्या नावापुढे १७ वा क्रमांक लागला. नुसता हा क्रमांक वाचणाऱ्याला त्या दुपारी काय घडलं याचा काहीच पत्ता लागत नाही.

१९५३ ची शर्यत सर्वांत कठीण का मानतात?

उन्हामुळे. ३० मे रोजी हवा ३२ अंश सेल्सियसच्या पलीकडे गेली होती आणि ट्रॅकचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापलेला. समोर तापलेलं इंजिन, शेजारी फिरणारा दांडा, पायाशी गरम तेल, आणि हे जवळजवळ चार तास. एकामागून एक चालक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येऊन गाडी बदली चालकाच्या हाती देत होते. तेव्हाच्या नियमात ते चालत असे. कार्ल स्कारबरो गाडीतून उतरला आणि ट्रॅकवरच्याच रुग्णालयात उष्माघाताने मरण पावला.

वुकोविच पहिल्या जागेवरून सुटला. ती जागाही सहज मिळाली नव्हती: पात्रता फेरी चालू असताना पाऊस सुरू झाला, तरी तो थांबला नाही आणि १३८.३९२ मैलांची सरासरी नोंदवली. शर्यतीत बदली चालक न घेता त्याने सगळं अंतर एकट्याने कापलं. पिटमधल्या थांब्यांच्या वेळी पाच फेऱ्या आघाडी दुसऱ्यांकडे गेली, तेवढीच. सरासरी १२८.७४० मैल, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर. दुसरा आलेला आर्ट क्रॉस सुमारे साडेतीन मिनिटं मागे होता. क्रॉसनेही बदली चालक घेतला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. वुकोविचच्या बक्षिसाची रक्कम सुमारे ८९ हजार डॉलर झाली.

एकाच शर्यतीत सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहण्याचा विक्रम मात्र त्याचा नाही. तो १९३० च्या बिली आर्नोल्डचा, १९८ फेऱ्यांचा.

१९५४ मध्ये एवढ्या मागून, १९ व्या जागेवरून का सुटावं लागलं?

त्यासाठी पात्रतेची पद्धत माहीत हवी. तेव्हा गाडी एकटी ट्रॅकवर जाई, वेग पकडे, आणि चमूने इशारा केला की चार फेऱ्या, म्हणजे दहा मैल, मोजल्या जात. चारांची सरासरी हा तिचा वेग. पण रांगेतली जागा केवळ वेगावर ठरत नसे. पहिल्या दिवशी पात्र ठरलेले सगळे पुढे. नंतरच्या दिवशी पात्र ठरलेला जास्त वेगवान असला तरी त्यांच्या मागे.

१९५४ मध्ये तीच फ्युएल इंजेक्शन स्पेशल होती, पण ती वेळेत सज्ज झाली नाही आणि पहिला दिवस हुकला. नंतर १३८.४७८ मैलांची सरासरी, म्हणजे आदल्या वर्षी पहिली जागा मिळवून दिलेल्या वेगाहूनही किंचित जास्त, नोंदवूनही १९ वी जागा मिळाली. त्या वर्षी पहिली जागा जॅक मॅकग्राची होती, १४१.०३३ मैलांनी, १४० चा टप्पा ओलांडणारी पहिली पात्रता ती.

शर्यतीत वुकोविच घाईने पुढे घुसला नाही. तीन-तीनच्या अकरा रांगांत मधल्या गर्दीत सुरुवात झाली की पहिल्या काही फेऱ्यांत दुसऱ्याच्या चुकीने शर्यत संपायची भीती असते. तो टप्प्याटप्प्याने वर आला आणि ९० फेऱ्या आघाडीवर राहिला. सरासरी १३०.८४० मैल, तेव्हाचा विक्रम. जिमी ब्रायन सुमारे ७० सेकंद मागे दुसरा, मॅकग्रा तिसरा.

१९५३ चा विजय डोळे दिपवणारा होता. आम्हाला मात्र १९५४ चा अधिक मोलाचा वाटतो. वुकोविचला फक्त पुढे पळता येतं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर त्या शर्यतीत आहे.

तो फॉर्म्युला वनचा चालक होता का? आकडेवारीत नाव दिसतं.

नाव दिसतं, कारण १९५० ते १९६० या काळात इंडियानापोलिसची शर्यत जागतिक चालक-विजेतेपदाच्या गुणांसाठी धरली जात होती. त्यामुळे त्याच्या नावावर जागतिक स्पर्धेचे दोन विजय, सुरुवातीच्या रांगेतली एक पहिली जागा आणि तीन सर्वांत वेगवान फेऱ्या (१९५२, १९५३, १९५५) नोंदल्या आहेत. त्या वेळी विजयाला ८ आणि वेगवान फेरीला १ गुण असे. १९५२ चा १, १९५३ चे ९, १९५४ चे ८, १९५५ चा १, असे एकूण १९. युरोपातली एकही ग्रां प्री, म्हणजे त्या स्पर्धेतली शर्यत, तो धावला नाही. त्या शर्यतींच्या गाड्या, नियम आणि चालक वेगळे होते, म्हणून त्याची टक्केवारी त्या शर्यतींचा जगज्जेता फान्जिओ याच्या शेजारी ठेवून काढलेल्या याद्यांना फारसा अर्थ नाही.

इंडियानापोलिसखेरीज तो आणखी कुठे धावला?

१९५२ मध्ये एएएच्या राष्ट्रीय मालिकेत डेट्रॉइट आणि डेन्व्हर इथल्या शर्यती त्याने जिंकल्या. म्हणजे इंडियानापोलिसचे दोन धरून त्या मालिकेतले एकूण विजय चार. इंडियानापोलिस जिंकल्यावर त्या मालिकेतल्या इतर शर्यती त्याने जवळजवळ सोडल्या. एका बक्षिसात वर्षाची कमाई होत असताना, जीव धोक्यात घालून छोट्या शर्यती कशाला धावायच्या, हा सरळ विचार होता.

मेक्सिकोतल्या कॅरेरा पानअमेरिकाना या लांब पल्ल्याच्या रस्ता-शर्यतीत तो लिंकन गाडी घेऊन उतरला. १९५४ च्या शर्यतीत डोंगरी रस्त्यावरून गाडी खाली गेली. तो आणि जोडीदार व्हर्न हूल दोघेही वाचले.

३० मे १९५५ रोजी काय घडलं?

त्या वर्षी केक यांनी बेत आखलेली नवी गाडी वेळेत झाली नाही आणि ते बाजूला झाले. वुकोविच, ट्रॅव्हर्स आणि कून लिंडसे हॉपकिन्स या दुसऱ्या गाडीमालकाकडे गेले. गाडी कर्टिस-क्राफ्ट ५००सी, क्रमांक ४. दिवस वादळी वाऱ्याचा. पाचव्या जागेवरून सुटून त्याने सुरुवातीलाच मॅकग्राशी आघाडीसाठी अटीतटीची झुंज दिली. याच शर्यतीत त्याने ६३.६७ सेकंदांची, ताशी १४१ मैलांवरची फेरी मारली. ५४ व्या फेरीत मॅकग्राची गाडी बंद पडली. आता वुकोविच सुमारे १७ सेकंद पुढे होता.

५७ व्या फेरीत, दुसरं वळण संपून मागचा सरळ भाग सुरू होतो तिथे, त्याच्यापुढे तीन गाड्या होत्या; तो त्यांना एका पूर्ण फेरीने मागे टाकणार होता. क्रम असा:

रॉजर वॉर्डच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटला. ती भिंतीवर आदळून उलटली. मागचा अल केलर तिला चुकवायला आतल्या गवताकडे वळला, ताबा सुटून परत ट्रॅकवर आला आणि जॉनी बॉइडच्या गाडीवर आदळला. बॉइडची गाडी बाहेर, थेट वुकोविचच्या रेषेत ढकलली गेली. वुकोविच तिच्या चाकावर चढला, बाहेरची भिंत ओलांडून कोलांट्या खात पलीकडे पडला. गाडी उलटी पडली आणि पेटली. मृत्यू कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने झाला. एड एलिसियनने स्वतःची शर्यत सोडून गाडी थांबवली आणि मदतीला धावला. शर्यत थांबवली नाही. पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याखाली कमी वेगात, बराच वेळ चालू राहिली. विजेता बॉब स्वायकर्ट.

शर्यतीत पहिल्या क्रमांकावर असताना मरण पावलेला या शर्यतीच्या इतिहासातला तो एकमेव चालक आहे. बॉइडही फ्रेस्नोचाच, त्याच गावचा. तो किरकोळ जखमांवर वाचला.

चूक कुणाची?

हा प्रश्न वारंवार येतो आणि बहुतेक वेळा केलरकडे बोट दाखवलं जातं. तो आणि बॉइड दोघेही त्या वर्षी नवखे होते, हे खरं. पण साखळी सुरू झाली ती वॉर्डच्या तुटलेल्या अ‍ॅक्सलने. समोर उलटणारी गाडी दिसली की चालकाजवळ सेकंदाचा अंश असतो, आणि गवतावर गेलेली टणक स्प्रिंगची गाडी परत ट्रॅकवर कशी येईल यावर कुणाचा ताबा नसतो. केलरला दोषी ठरवणं आम्हाला न्याय्य वाटत नाही. वुकोविचने वेग कमी करायला हवा होता, हेही नाही. आत तीन गाड्या, बाहेर भिंत, आणि मोकळी असलेली एकच वाट बॉइडच्या गाडीने बंद केली.

त्यानंतर काय बदललं?

चार दिवस आधी, २६ मे रोजी, माजी जगज्जेता अल्बेर्तो अस्कारी इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर अपघातात मरण पावला होता. ११ जूनला फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत ८० हून अधिक माणसं मेली. ऑगस्टमध्ये एएएने जाहीर केलं की हंगाम संपला की मोटार शर्यतींचं काम सोडणार. १९५६ पासून ते काम यूएसएसी या नव्या संस्थेकडे आलं.

गाड्यांतला बदल मात्र उशिरा आला. वुकोविचच्या गाडीत चालकाच्या डोक्यामागे रोल बार नव्हता. उलटी पडलेली गाडी चालकाच्या डोक्यावर टेकायची. रोल बार सक्तीचे व्हायला १९५९ उजाडलं. तोवर आणखी चालक गेले होते. चार वर्षांचा हा उशीर समर्थनीय नाही.

त्याच्या घरातलं आणखी कुणी शर्यतीत होतं का?

वडील गेले तेव्हा अकरा वर्षांचा असलेला मुलगा बिल वुकोविच दुसरा पुढे इंडियानापोलिसला १२ वेळा धावला. १९६८ मध्ये सर्वोत्तम नवखा ठरला आणि १९७३ मध्ये दुसरा आला. नातू बिली वुकोविच तिसरा १९८८ चा सर्वोत्तम नवखा. एकाच घराची तिसरी पिढी त्या शर्यतीत उतरली ती तेव्हा पहिल्यांदा. नोव्हेंबर १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ स्प्रिंट गाडीच्या सरावात अपघात होऊन तोही गेला.

जुन्या नोंदी वाचताना कुठे चूक होते?

तीन ठिकाणी. पहिली, नावाची: तिघांचंही नाव तेच, म्हणून १९५५ नंतरची नोंद आजोबांच्या खात्यात टाकली जाते. वर्ष आधी पाहावं.

दुसरी, फेरीच्या आकड्याची: १९५२ मध्ये गाडी १९२ व्या फेरीत थांबली आणि १९५५ चा अपघात ५७ व्या फेरीत झाला, पण निकालाच्या तक्त्यात पूर्ण झालेल्या फेऱ्याच धरतात, म्हणून तिथे १९१ आणि ५६ दिसतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत.

तिसरी, वेगाची: पात्रतेचा वेग चार फेऱ्यांचा असतो, वेगवान फेरीचा एका फेरीचा, आणि शर्यतीचा वेग पिटमधले थांबे व पिवळ्या झेंड्याखालचा वेळ धरून काढलेला. १९५३ चे १३८.३९२ आणि १२८.७४० हे दोन आकडे शेजारी ठेवून शर्यतीत गाडी मंदावली असं लिहिलेलं बरेचदा वाचायला मिळतं. त्याच शर्यतीतली त्याची सर्वांत वेगवान फेरी ६६.२४ सेकंदांची, म्हणजे ताशी जवळपास १३६ मैलांची होती.